घोड्याची मान

हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली भारताला ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण मिळाले. संघात मुंबईचा हृदय छेडा, म्हणून मीही टीव्हीसमोर बसलो. माझी नजर मात्र घोड्यांच्या मानेवरच.

ग्रीसच्या झेनोफोनने सुमारे २४०० वर्षांपूर्वी अश्वविद्येवर पुस्तक लिहिले. बळजबरीने घोड्याकडून काम घेणे म्हणजे चाबकाने नर्तक नाचवणे, असे त्याचे म्हणणे. जुने सगळेच सोने होते असे नाही हं! नेपल्सच्या ग्रिसोनेच्या १५५० च्या ग्रंथात घोड्याला द्यायच्या भयंकर शिक्षा आहेत. १७३३ मध्ये फ्रान्सच्या ग्वेरिनिएरने पुन्हा धीराचा मार्ग धरला. व्हिएन्नाची स्पॅनिश अश्वशाळा त्यालाच गुरू मानते. तिथे एक घोडा तयार व्हायला वर्षे लागतात.

स्पर्धेला एवढी सवड कुठली? मग रोलकूर आले. लगाम खेचून हनुवटी छातीला टेकेपर्यंत मान वळवायची. घोड्याला समोरचे नीट दिसत नाही, श्वास कोंडतो. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या स्पर्धेत सराव करणाऱ्या एका घोड्याची निळी पडलेली जीभ चित्रफितीत दिसली आणि गदारोळ झाला. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने जबरदस्तीचे रोलकूर अमान्य ठरवले, पण बळ न वापरता मान खाली वाकवायला मुभा ठेवली. बळ कुठे सुरू होते, हे लगाम धरणाराच ठरवणार!

नियम जुनाच आहे: घोड्याचे नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे हवे. तरी नाक मागे गेलेल्या घोड्यांना मोठ्या स्पर्धांत भरघोस गुण मिळताना मी पाहिले आहेत. स्वारावर सगळेच चिडतात. गुण देणाऱ्या परीक्षकांना कोण विचारतो?