हवामानबदलाचा नकार व वृत्तमाध्यमे

खनिज इंधनांच्या ज्वलनामुळे वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण वाढते व त्यायोगे पृथ्वीचे सरासरी तापमान चढते, हा निष्कर्ष पुराव्यानिशी प्रस्थापित झाल्यानंतरही तो अमान्य करणे अथवा संशयास्पद ठरविणे, यास हवामानबदलाचा नकार असे म्हणतात. वैज्ञानिक शंका आणि नकार या दोन भिन्न गोष्टी होत. शंका घेणारा पुरावा मिळताच मत बदलण्यास तयार असतो. नकार देणारा एक आक्षेप खोडला गेला की दुसरा पुढे करतो. या नकाराचे मुख्य क्षेत्र प्रयोगशाळा वा शास्त्रीय नियतकालिके हे नसून वृत्तपत्रे, नभोवाणी व दूरचित्रवाणी हे होय. त्यामुळे त्याचा इतिहास हा बव्हंशी माध्यमांचा इतिहास आहे.

मूळ शास्त्रीय विचार जुना आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनियस (१८५९–१९२७) यांनी १८९६ मध्ये कार्बन डाय-ऑक्साइडाच्या वाढीने तापमान किती चढेल याचे गणित मांडले. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे या वायूचे नियमित मापन सुरू केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीसाठी ज्यूल चार्नी यांच्या समितीने १९७९ मध्ये असा अंदाज दिला, की वायूचे प्रमाण दुप्पट झाल्यास तापमान १·५° ते ४·५° से. वाढेल. जेम्स हॅन्सन यांनी २३ जून १९८८ रोजी अमेरिकन सेनेटच्या समितीपुढे तापमानवाढ सुरू झाल्याची साक्ष दिली आणि त्याच वर्षी हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळ (आयपीसीसी) स्थापन झाले. विषय शास्त्रज्ञांच्या वर्तुळातून राजकारणात आला तो येथे. संघटित नकाराचा आरंभही याच सुमारास झाला, हा योगायोग नव्हे.

नकाराची रीत मात्र आयती होती. धूम्रपान व कर्करोग यांचा संबंध उघडकीस येऊ लागताच अमेरिकेतील तंबाखू कंपन्यांनी १९५४ मध्ये चारशेहून अधिक वृत्तपत्रांत संयुक्त जाहिरात देऊन हा प्रश्न अद्याप अनिर्णित असल्याचे भासविले होते. पुरावा खोटा ठरविण्याची गरज नाही, वाद चालू आहे एवढेच लोकांना वाटत राहिले तरी पुरे, हे या मोहिमेचे सूत्र होते. पुढे तेच तेल व कोळसा उद्योगांच्या कामी आले. तंबाखू कंपनीच्या संशोधन-साहाय्य कार्यक्रमाचे सल्लागार राहिलेले भौतिकीविज्ञ फ्रेडरिक साइट्स हे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या जॉर्ज मार्शल इन्स्टिट्यूटचे एक संस्थापक होते आणि या संस्थेने हवामानविज्ञानावर सतत टीका केली. उद्योगांची ‘ग्लोबल क्लायमेट कोएलिशन’ ही आघाडी १९८९ पासून २००२ पर्यंत कार्यरत होती.

या कंपन्यांना वस्तुस्थिती ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. एक्सॉन कंपनीतील जेम्स ब्लॅक यांनी १९७७ मध्येच व्यवस्थापनास या धोक्याची कल्पना दिली होती. कंपनीची जुनी अंतर्गत कागदपत्रे २०१५ मध्ये प्रकाशात आली. तिच्या शास्त्रज्ञांनी १९७७ ते २००३ या काळात वर्तविलेली तापमानवाढ प्रत्यक्ष निरीक्षणांशी बहुतांशी जुळते, असे २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील एका लेखाने दाखवून दिले. त्याच काळात कंपनीच्या वृत्तपत्रीय जाहिराती मात्र अनिश्चिततेवर भर देत होत्या.

एवढे असूनही केवळ पैशाच्या बळावर हा प्रचार फैलावला नसता. त्याला वाट मिळाली ती पत्रकारितेच्या एका सद्‌गुणातून. दोन्ही बाजू मांडाव्यात, हा दंडक राजकीय बातमीत योग्यच आहे. करवाढीविषयी सरकार व विरोधी पक्ष यांची मते शेजारी शेजारी छापणे यात वाचकाचे हित असते. परंतु मापनाच्या प्रश्नाला याच अर्थाने दोन बाजू नसतात. मॅक्सवेल बॉयकॉफ व ज्यूल्स बॉयकॉफ यांनी अमेरिकेतील चार प्रतिष्ठित दैनिकांतील १९८८ ते २००२ या काळातील ६३६ लेख तपासले. त्यांतील निम्म्याहून अधिक (५२·६५%) लेखांत मानवी कारणे मानणारा व न मानणारा अशा दोन्ही पक्षांस जवळजवळ समान महत्त्व दिलेले आढळले. हा निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमांतील नकारावर पद्धतशीर पाळत ठेवण्यास त्याने मोठी चालना दिली. त्याच वर्षी नेओमी ओरेस्केस यांनी १९९३ ते २००३ मधील ९२८ शोधनिबंधांचे सारांश पाहिले, तेव्हा मानवी कारणांविषयीचे सर्वमान्य मत नाकारणारा एकही त्यांना मिळाला नाही. शास्त्रीय नियतकालिकांत जो पक्ष दिसत नव्हता, तो दैनिकांत बरोबरीने बसला होता. मतैक्य हा स्वतः पुरावा नव्हे, हे खरे; पण कोणाला बोलवावे हे ठरविणाऱ्या संपादकास तेवढे माहीत असणे अगत्याचे होते.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न नियमांच्या चौकटीत आला, कारण तेथील प्रसारणावर निःपक्षपातीपणाचे बंधन आहे. चॅनेल फोर वाहिनीने मार्च २००७ मध्ये तापमानवाढ ही फसवणूक असल्याचे सांगणारा एक अनुबोधपट दाखविला. ऑफकॉम या नियामक संस्थेने जुलै २००८ मध्ये दिलेला निर्णय मोठा विलक्षण आहे. काही शास्त्रज्ञांवर व आयपीसीसीवर अन्याय झाल्याचे तिने मान्य केले. परंतु मानवी कारणांचा प्रश्न तोवर जवळजवळ निकालात निघालेला असल्याने तो राजकीय वादाचा विषय उरत नाही, सबब अनुबोधपटाच्या त्या भागास निःपक्षपातीपणाचा नियमच लागू होत नाही, असे ठरविले. सत्य निर्विवाद असल्यामुळे असत्यास मोकळीक मिळाली! बीबीसीबाबत आनुवंशिकीविज्ञ स्टीव्ह जोन्स यांनी २०११ च्या अहवालात दाखवून दिले, की समतोलाचा नियम विज्ञानास फार ताठरपणे लावला जातो. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये माजी अर्थमंत्री निगेल लॉसन यांनी नभोवाणीवरील मुलाखतीत गेल्या दहा वर्षांत जागतिक तापमान किंचित उतरल्याचे सांगितले व मुलाखतकाराने त्यांना अडविले नाही. ऑफकॉमने २०१८ मध्ये हा नियमभंग ठरविला आणि त्याच वर्षी बीबीसीने आपल्या वार्ताहरांना कळविले, की समतोलासाठी नकार देणारा आणण्याची आवश्यकता नाही. जोन्स यांच्या अहवालानंतर सात वर्षे गेली होती.

भारतातील स्थिती वेगळी आहे. सहा देशांतील दैनिकांच्या २०११–१२ मधील तौलनिक अभ्यासात नकाराचा सूर मुख्यत्वे अमेरिका व ब्रिटन येथील पत्रांत आढळला. भारतीय इंग्रजी पत्रांत वाद होता तो जबाबदारी कोणाची याविषयी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी संपादित केलेल्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सु. ०·७° से. वाढले. तथापि एका भारतीय प्रकरणाने नकारास खाद्य पुरविले. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचा संभव नोंदविला होता. हे वर्ष एका लोकप्रिय विज्ञान साप्ताहिकातील १९९९ च्या वृत्तावरून एका स्वयंसेवी संस्थेच्या पुस्तिकेत व तेथून अहवालात शिरले होते. जानेवारी २०१० मध्ये मंडळाने चूक मान्य केली. ती दाखवून देणारे हिमनदीतज्ञच होते. मथळे मात्र सर्व विज्ञानच डळमळल्याचे आले. त्याआधी दोनच महिने ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील संशोधकांचा पत्रव्यवहार चोरून प्रसिद्ध करण्यात आला होता. त्यांना अप्रामाणिकपणाच्या आरोपांतून मुक्त करणाऱ्या २०१० मधील चौकशांच्या निष्कर्षांना आरोपांइतकी जागा मिळाली नाही. अतिशयोक्तीवरही तितकीच पाळत हवी, हा या प्रकरणाचा दुर्लक्षित पैलू होय.

प्रतिकाराचे उपाय यातूनच घडत गेले. ‘लॉस अँजेल्स टाइम्स’ने २०१३ मध्ये मानवी कारणांचा पुरावाच नाही असे सांगणारी वाचकांची पत्रे न छापण्याचे धोरण जाहीर केले. शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध लेखांची विधानवार तपासणी करण्याचा ‘क्लायमेट फीडबॅक’ हा उपक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. फसवणुकीची युक्ती आधीच उलगडून सांगितल्यास वाचक तिला कमी बळी पडतो, ही विल्यम मॅग्वायर यांची १९६० नंतरच्या दशकातील मानसिक लसीकरणाची कल्पना २०१७ मधील प्रयोगांत या विषयास लावून पाहिली गेली व ती उपयुक्त ठरली. दरम्यान नकाराचेही रूप पालटले आहे. तापमान वाढत नाही, असे म्हणण्याऐवजी उपाय निरुपयोगी वा परवडणारे नाहीत, असे म्हटले जाते. त्याची तपासणी अवघड असते, कारण उपायांच्या खर्चाविषयी प्रामाणिक मतभेदही असतात. मौना लोआ येथे कार्बन डाय-ऑक्साइडाचे वार्षिक सरासरी प्रमाण १९८८ मध्ये दशलक्ष भागांत सु. ३५१ होते; २०२४ मध्ये ते ४२० च्या वर गेले. वृत्तांचा मोठा भाग ज्यांच्या समाजमाध्यमांतून फिरतो त्या खाजगी कंपन्यांपैकी मेटाने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील आपली त्रयस्थ तथ्यतपासणी बंद करण्याचे जाहीर केले.