बी.कॉम., मालवाहू बोट आणि नाच

परवा नाशिकला भाचीने जेवताना जाहीर केलं, "मामा, कथक विशारद झालं की मी कंटेम्पररी शिकणार." ताईचा प्रश्न तयारच, "आणि पोट कशावर भरणार?" मला अस्ताद देबू आठवले.

जन्म १९४७, नवसारीचा. बालपण जमशेदपूरला, कथक सहाव्या वर्षापासून. मग मुंबईत पोदार कॉलेजातून बी.कॉम. (हे ताईला मुद्दाम सांगितलं!) मुंबईतच अमेरिकेच्या मरे लुईस कंपनीचा कार्यक्रम पाहिला आणि १९६९ मध्ये गडी मालवाहू बोटीने निघाला. लंडनमध्ये मार्था ग्रॅहमची पद्धत शिकला, न्यूयॉर्कमध्ये होजे लिमोनची. १९७७ मध्ये भारतात परतल्यावर, तिशीत, हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. ई. के. पणिक्कर गुरुजींकडे कथकली शिकायला बसला. जग फिरून आल्यावर पुन्हा पहिल्या पायरीवर बसणं... मला तरी पुरस्कारांपेक्षा हेच मोठं वाटतं.

तरी इथल्या लोकांना ते फार पाश्चात्त्य वाटायचे आणि तिकडच्यांना पुरेसे भारतीय नाही. त्यांनी मग आपली माणसं स्वतःच शोधली. कोलकात्याचे कर्णबधिर कलाकार, मणिपूरचे पुंगवादक. १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००७ मध्ये पद्मश्री. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत ते गेले.

ताईने सगळं ऐकून घेतलं. "पद्मश्री साठीला मिळाली ना रे? आणि तोवर?"

मी ताटातला भात चिवडत राहिलो. भाची मात्र तोवर मणिपूरचे व्हिडिओ शोधायला लागली होती.