फणस, मेण आणि छापील हाड

मालवणच्या बाजूला मे महिन्यात कुणी फणस फोडायला बसले की ते जरा निरखून पाहावे. हाताला आणि सुरीला खोबरेल लावायचे, चीक सांभाळायचा आणि गरा न फाटता आतली आठळी अलगद बाहेर काढायची. नवशिक्याचा गरा फाटतोच! शस्त्रवैद्याच्या शिष्याला नेमका हाच अभ्यास सांगितलेला आहे, असे आम्ही म्हटले तर ती थट्टा वाटेल. पण सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय त्यासाठीच आहे. 'योग्या' म्हणजे सराव. पुष्कळ शास्त्र ऐकलेला शिष्यसुद्धा सरावावाचून शस्त्रकर्माला अपात्र, असे तिथे बजावले आहे.

त्या अध्यायातील यादी मोठी मजेदार आहे. कापणे शिकायचे ते कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर. चिखलपाण्याने भरलेली कातडी पिशवी फोडण्याच्या सरावाला, केसाळ कातडे खरवडण्याला, मेलेल्या जनावराची शीर आणि कमळाचा देठ वेधण्याला. शिवायचे कापडावर आणि मऊ चामड्यावर. आतली वस्तू ओढून काढण्यासाठी फणस, तोंडली आणि बेलफळ यांचा मगज! पट्ट्या बांधायला मात्र माणसाएवढा बाहुला. ही यादी अवयवांची नाही, हाताच्या कृतींची आहे. काकडी यकृतासारखी दिसत नाही आणि तसे दिसण्याची गरजही नाही. सुरी किती दाबायची हे तिने शिकवले की पुरे.

दुसरी एक गोष्ट पुण्याजवळची. टिपूबरोबरच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेकडचा कावसजी नावाचा बैलवाला पकडला गेला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे विटा पाडणाऱ्या समाजातील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील क्रूसो आणि फिंडले या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तिचे वर्णन आले. करणाऱ्याचे नाव त्यात नाही, याची आम्हांला नेहमीच चुटपुट लागते. त्याने मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून चांगल्या नाकाचा आकार दिला, मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ मारली. रेघेच्या आतली कातडी सोडवून, भुवयांमधला जोड कायम ठेवून, ती खाली वळवली. कोहळा कोणत्याही शिष्याला चालतो. हा मेणाचा पत्रा मात्र एकट्या कावसजीचा होता. लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने या पद्धतीचा आधी प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये ती रुग्णावर वापरली.

आजचे छापील प्रारूप हे या मेणाच्या पत्र्याचे नातलग आहे. सी.टी. स्कॅनमध्ये शरीराचे पातळ काप दिसतात. संगणक प्रत्येक कापातील हाडाची कड शोधतो आणि यंत्र प्लास्टिकचा थरावर थर रचत जाते. १९८१ मध्ये जपानच्या हिदेओ कोदामा यांनी राळेचे थर प्रकाशाने घट्ट करण्याची युक्ती मांडली, १९८६ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स हल यांना अशाच पद्धतीचे पेटंट मिळाले. कानामागचे हाड कोरताना चेहऱ्याची नस जवळच असते. शिकाऊ डॉक्टरने ती चूक छापील हाडावर करावी, हे केव्हाही बरे. पण साधे प्लास्टिक ड्रिलच्या उष्णतेने मऊ होते, त्यातून रक्त येत नाही, आणि त्याला कातडीचा ताणही नसतो. आकार हुबेहूब, स्पर्श चुकीचा! टाके घालायला शिकवताना चामड्याचा तुकडा आजही त्याहून सरस ठरेल, असे आमचे मत आहे.

सिंधुदुर्गातील रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी वर्षानुवर्षे गोव्यात बांबोळीला जात आले आहेत. २०२१-२२ च्या सत्रापासून ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा नव्या डॉक्टरचा पहिला काप कशावर पडावा, हा प्रश्न आता इथल्या घरांचाही झाला आहे.

मेणाचा प्रयोग वर्गात करता येतो. मातीचे नाक करा, त्यावर मळलेल्या कणकेची पातळ पोळी बसवा, कडा कापा आणि ती अलगद उचलून पाटावर सपाट करा. आधी मुलांना तिचा आकार कागदावर काढायला सांगा. बहुतेक जण त्रिकोण काढतील. पाटावर दिसेल ते इस्पिकाच्या पानासारखे काहीतरी.