राजरत्नांची पालटलेली रूपे

त्र्यंबकेश्वराच्या मंदिराशी परंपरेने जोडला जाणारा आणि पुढे पेशव्यांच्या खजिन्यात आलेला ‘नासक’ हिरा १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरेट होते. लंडनमध्ये त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले आणि वजन ८० कॅरेटच्या आसपास आले. १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा घडविला, उरला ४३.३८ कॅरेटचा हिरा. निम्म्याहून अधिक वजन गमावलेले हे रत्न ‘तेच’ आहे, असे म्हणता येते ते केवळ हस्तांतराच्या नोंदी अखंड राहिल्या म्हणून.

राजघराण्यांचे दागिने मोडण्याची कारणे तीन: बदललेली अभिरुची, वारसांतील वाटणी आणि चोरी लपविण्याची गरज. सोने वितळविले की त्यावरील खुणा नाहीशा होतात. रत्न मात्र वितळत नाही. म्हणून शोधाचा धागा बहुधा रत्नापासूनच सुरू होतो. खजिन्याच्या याद्या, जवाहिऱ्यांची रेखाटने, साचे, तैलचित्रे व छायाचित्रे ही अभ्यासकांची पहिली साधने होत.

‘फ्रेंच ब्लू’ हा सुमारे ६९ कॅरेटचा निळा हिरा सप्टेंबर १७९२ मध्ये पॅरिसच्या राजभांडारातून चोरीस गेला. बरोबर वीस वर्षांनी, फ्रेंच कायद्याने ठरविलेली मुदत संपताच, लंडनमध्ये सुमारे ४५ कॅरेटच्या निळ्या हिऱ्याची नोंद झाली. हाच पुढे ‘होप’ या नावाने प्रसिद्ध झाला. दोन्ही एकच असावेत हा तर्क जुना होता. पुरावा मिळाला तो २००७ मध्ये. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात फ्रान्स्वा फार्ज यांना मूळ हिऱ्याचा शिशाचा साचा सापडला. संगणकीय प्रतिकृतीत ‘होप’ त्या साच्यात नेमका बसला.

इराणच्या राजरत्नांबाबत साचा नव्हता, चित्र होते. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने १६४२ मध्ये गोवळकोंड्यात पाहिलेल्या गुलाबी हिऱ्याचे रेखाटन करून ठेवले होते. १९६० च्या दशकात कॅनडाच्या अभ्यासकांनी तेहरानमधील रत्ने तपासली. ‘दर्या-इ-नूर’ आणि ‘नूर-उल-ऐन’ हे दोन्ही हिरे त्या एकाच हिऱ्यातून कापलेले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंग यांच्यासाठी कार्तिए या पेढीने १९२८ मध्ये घडविलेल्या कंठहारात २,९३० हिरे होते. हा हार १९४८ च्या सुमारास नाहीसा झाला. त्यातील २३४ कॅरेटचा ‘डी बिअर्स’ हिरा १९८२ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात आला. १९९८ मध्ये लंडनमध्ये मोठी रत्ने काढून घेतलेला सांगाडा मिळाला. तो ओळखता आला, कारण पेढीच्या दप्तरात मूळ नोंदी व छायाचित्रे होती.

आता प्रयोगशाळाही मदतीस आल्या आहेत. अतिनील प्रकाश बंद केल्यावर निळा हिरा काही काळ चमकत राहतो, आणि ही चमक प्रत्येक हिऱ्यात वेगळी असते. ‘होप’ आणि ‘विटेल्सबाख’ हे एकाच स्फटिकाचे तुकडे नाहीत, हे अशाच तुलनेतून स्पष्ट झाले. पाचूतील प्राणवायूच्या समस्थानिकांवरून खाण ओळखता येते; निजामाच्या खजिन्यातील काही पाचू कोलंबियातून आल्याचे २००० मध्ये याच पद्धतीने सिद्ध झाले.

कधी मात्र ओळख पटविणारा डोळा मूळ धन्याचाच असतो. बडोद्याच्या महाराणी सीतादेवी यांच्या पायांतील तोडे विन्स्टन यांनी विकत घेऊन त्यांचा कंठहार केला व तो डचेस ऑफ विंडसर यांना विकला. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका समारंभात महाराणींनी आपली रत्ने ओळखली आणि ती पूर्वी आपल्या पायांत असल्याचे बोलून दाखविले, असे सांगितले जाते. डचेसनी हार परत केला.

अशा शोधाला केवळ कुतूहलाचे मोल नाही. रत्न कोणाचे होते, ते विकले गेले की लुटले गेले, या प्रश्नांची उत्तरे त्याच्या ओळखीवरच अवलंबून असतात. पुन्हा पाडलेल्या प्रत्येक पैलूबरोबर या पुराव्याचाही एक अंश कायमचा झिजतो.