इंग्लंडचा बंद रविवार

बंद दुकाने, ओस पडलेले बाजाररस्ते आणि दुपारी सर्व कुटुंबाचे एकत्र जेवण, असा रविवार इंग्लंडमधील अनेक पिढ्यांनी अनुभवला. या शांततेमागे श्रद्धेइतकाच कायदाही उभा होता. १७८० च्या कायद्याने त्या दिवशी पैसे आकारून करमणूक करण्यास मनाई केली होती. जानेवारी १९७४ मध्ये एफ. ए. चषकाचे सामने प्रथमच रविवारी झाले, तेव्हा तिकिटाऐवजी कार्यक्रमपत्रिका विकून ही मनाई चुकविण्यात आली.

१९५० च्या दुकान कायद्याने रविवारची विक्री ठराविक जिन्नसांपुरती मर्यादित ठेवली. त्यातील विसंगतींची थट्टा होई: अश्लील मासिक विकता येते, बायबल मात्र नाही! परंतु याच कायद्यामुळे दुकानातील नोकराला रविवार घरी मिळत असे, हेही आपण विसरू नये.

१९८६ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ही बंधने उठविण्याचे विधेयक आणले. त्याविरुद्ध चर्च आणि दुकान कामगारांची संघटना एकत्र आली. १४ एप्रिल रोजी ते २९६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळले गेले. हा विजय टिकला नाही. काही मोठ्या दुकानदारांनी कायदा मोडून दारे उघडली आणि गिऱ्हाइकांनीही गर्दी केली. अखेर १९९४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील लहान दुकानांना मोकळीक मिळाली. २८० चौरस मीटरांहून मोठ्या दुकानांना सहा तास. ईस्टरला ती बंदच राहतात. ही मर्यादा सैल करण्याचा प्रस्ताव २०१६ मध्ये संसदेने ३१७ विरुद्ध २८६ मतांनी नाकारला.

या कायद्याने चर्चे रिकामी केली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. उपासकांची संख्या त्याआधीच कैक वर्षे घटत होती. शिवाय पतिपत्नी दोघेही नोकरी करू लागल्यावर खरेदीस सवड उरली ती शनिवार-रविवारीच. याउलट स्कॉटलंडमध्ये अशी सर्वसाधारण बंदी नसतानाही दुकाने दीर्घकाळ बंद असत; तेथे रूढीच पुरेशी होती. ती ढळली, तशी तेथीलही दारे उघडली.

१९९४ च्या कायद्याने दुकानातील नोकरांना रविवारचे काम नाकारण्याचा हक्क दिला. पण ज्याला पगाराची निकड आहे, त्याने तो कितपत बजावावा? येत्या रविवारी मिस्सेहून परतताना आपण एखाद्या दुकानात शिरू, तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाचा विसाव्याचा दिवस कोणता, एवढे तरी आपण स्वतःला विचारू या.