वेट वाइप्स की सुती फडकी? किती लागतात, कशी धुवायची आणि कधी टाळायची

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा उकाड्यात डायपरमधलं बाळ, त्यात घाम आणि वरून दिवसातून आठ-दहा वेळा पुसणं. दोन-तीन दिवसांत मांड्यांच्या घडीत लाली दिसू लागते आणि घरात चर्चा सुरू होते: डायपर वाईट की वाइप्स? मग आजी म्हणते, "आमच्या वेळी जुन्या धोतराची फडकी होती." आजीचं म्हणणं आज कितपत लागू पडतं, ते समजून घेऊया.

वाइप्समध्ये नेमकं काय असतं?

वेट वाइप कापडासारखं दिसतं, पण अनेक वाइप्समध्ये पॉलिस्टरसारखे प्लास्टिकचे धागे असतात. ते ओलं राहावं आणि त्यात बुरशी येऊ नये म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. काहींमध्ये सुगंधही असतो. बहुतेक बाळांना याचा त्रास होत नाही, पण काहींच्या त्वचेला होतो. मिथाइलआयसोथायझोलिनोन या प्रिझर्व्हेटिव्हमुळे अॅलर्जी होत असल्याचं दिसल्यावर युरोपीय संघाने 2017 पासून त्वचेवर तशाच राहणाऱ्या उत्पादनांत ते वापरण्यावर बंदी घातली. वाइप्सही त्यात येतात. म्हणून पाकीट घेताना मागची यादी नक्की वाचा.

खर्चाचं गणित

दिवसाला 10 वेळा डायपर बदललं आणि दर वेळी 2 वाइप्स लागले, तर महिन्याला 600 वाइप्स होतात. 72 वाइप्सचं पाकीट धरलं तर आठाहून जास्त पाकिटं. तुमच्या दुकानातल्या किमतीने गुणा, आकडा लगेच कळेल. सुती फडकी मात्र 25 ते 30 पुरतात आणि ती घरातल्या जुन्या कपड्यांतून निघतात.

फडकी कशी करायची?

- धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी, धोतर किंवा टी-शर्ट घ्या. सिंथेटिक कापड पाणी शोषत नाही.
- साधारण 20 सेंटिमीटरचे चौकोन कापा.
- साडीला करतो तशी कडेला पिको करून घ्या. सुटलेला धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला जाऊ शकतो, त्यामुळे हे टाळू नका.

वापरायची कशी?

साधं कोमट पाणी पुरेसं आहे. फडकं ऐनवेळी भिजवा. सकाळीच भिजवून डब्यात ठेवलेली फडकी उन्हाळ्यात लवकर कुबट होतात. पुसताना घासू नका. मुलीला नेहमी पुढून मागे पुसा. नंतर कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि डायपर लावण्याआधी दोन मिनिटं हवा लागू द्या.

धुण्याची पद्धत

शी आधी संडासात झटकून फडकं खळबळून घ्या. मग झाकणाच्या बादलीत ठेवा आणि रोज किंवा दिवसाआड इतर कपड्यांपासून वेगळं, गरम पाण्यात धुवा. पावडर कमी वापरा आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने कापड पाणी कमी शोषतं. अँटिसेप्टिकही नको, त्याचा अंश त्वचेला झोंबतो. बोअरच्या जड पाण्याने फडकी कडक होतात, म्हणून शेवटचं पाणी शक्यतो नळाचं घ्या. कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात दमट राहिली तर इस्त्री फिरवा.

कचऱ्याचं काय?

घनकचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेली डायपर आणि तत्सम कचरा 'सॅनिटरी' प्रकारात मोडतो. तो नीट गुंडाळून द्यायचा असतो, कारण पुढे तो कुणाच्या तरी हाताखालून जातो. शहराचा कचरा शेवटी भांडेवाडीत पोचतो, आणि प्लास्टिकचे धागे तिथे कुजत नाहीत. वाइप संडासात टाकलं तर पाइप तुंबतो.

मग सगळ्यांनी फडकीच वापरायची का?

तसं नाही. धुणार कोण, हा खरा प्रश्न आहे. बाळंतीण आईच्याच अंगावर आणखी एक बादली पडणार असेल, तर ती बचत नाही. धुणं घरात वाटून घेता येत असेल तरच सुरू करा. घरी फडकी, प्रवासात आणि पाळणाघरात बिनसुगंधी वाइप्स, असा मधला मार्गही चालतो. पाणी एक दिवसाआड येत असेल किंवा बाळाला जुलाब लागले असतील, तर तेवढे दिवस वाइप्स वापरण्यात काहीच गैर नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

लाली दोन-तीन दिवसांत कमी झाली नाही, घडीत लालभडक चट्टे आणि भोवती बारीक पुरळ आलं, फोड किंवा पू दिसला किंवा ताप आला, तर घरगुती उपाय थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बुरशीचा संसर्ग असेल तर फडकं बदलून तो जात नाही, औषधच लागतं.

थोडक्यात, आजीचं बरोबर आहे. फक्त फडकं स्वच्छ, कोरडं आणि उन्हात वाळलेलं हवं, आणि ते धुवायला घरातले दोन हात जास्त हवेत.