हजेरी

हजेरी म्हटली की आपल्याला शाळा आठवते. नाव पुकारले की 'हजर' म्हणायचे आणि शेजाऱ्याशी अर्धवट राहिलेल्या गप्पा पुढे सुरू करायच्या. पण पारधी, कैकाडी, कंजारभाट, भामटा अशा जमातींच्या इतिहासात या शब्दाचा अर्थ फार वेगळा आहे. तिथे हजेरी पोलिसांपुढे लावायची असे. ती चुकली तर तुरुंग.

अमेरिकेत काळ्या माणसाला पोलीस रस्त्यात उगाच अडवतात, त्याचे खिसे चाचपतात, अशा बातम्या आपण वाचतो आणि हळहळतो. न्यूयॉर्क पोलिसांची ही झडतीची पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य आहे, असा निकाल २०१३ साली तिथल्या न्यायालयाने दिला, तेव्हा आपल्याकडेही त्यावर लिहून आले. लिहायलाच हवे होते. मला मात्र त्या वेळी सारखे सोलापूर आठवत होते.

आपल्याकडे हा संशय पोलिसांच्या मनातच होता असे नाही, तो रीतसर कायद्याच्या पुस्तकात होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याआधी १८३६ मध्ये ठगांसाठी एक कायदा झाला होता. एखाद्याने प्रत्यक्ष काय केले हे सिद्ध करण्याची गरज नाही, तो ठगांच्या टोळीतला आहे एवढे पुरे, अशी ती युक्ती. १८७१ मध्ये टोळीच्या जागी जमात आली. प्रांतिक सरकारने एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की तो निर्णय कुठल्याही न्यायालयात तपासता येत नसे. मग त्या जमातीच्या लोकांनी नाव नोंदवायचे, गाव सोडताना पास घ्यायचा, हजेरी द्यायची. सुरुवातीला हे उत्तरेत होते, १९११ च्या कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आले. बोटांचे ठसे घेण्याची सोयही त्यात होती. १८९७ च्या दुरुस्तीने तर मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची वाट मोकळी केली होती. वयाची अट? चार वर्षांपासून पुढे. चार वर्षांचे पोर काय गुन्हा करणार, हे विचारायची गरज त्या कायद्याला वाटली नाही.

या यादीत कोण कोण होते ते पाहिले की थक्क व्हायला होते. रामोशी म्हणजे कित्येक गावांचे पिढीजात राखणदार. बंजारे बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ देशभर पोचवत. कैकाडी कणगी-टोपल्या विणत. पारध्याचे पोट शिकारीवर. रेल्वे आली आणि तांड्यांचा व्यापार बसला. १८७८ च्या वनकायद्याने जंगलात जाणे म्हणजेच गुन्हा होऊ लागला. आधी धंदा काढून घ्यायचा आणि मग 'हे लोक नक्की काय करून जगतात?' म्हणून संशय घ्यायचा, असा हा उफराटा न्याय. यांच्यात चोऱ्या करणारे कोणीच नव्हते असे मी म्हणत नाही. लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या'त आपल्या घरातले ते सगळे आडपडदा न ठेवता लिहिले आहे. पण चोर सगळ्याच जातींत असतात, आणि बाकीच्यांच्या पोराबाळांची नोंद त्यासाठी कुणी पोलीस ठाण्यात करत नाही.

आता सोलापूर. तिथे या लोकांची मोठी वसाहत होती, तारेच्या कुंपणातली. 'सेटलमेंट' हा शब्द सोलापुरात इतका रुळला की आज तो मराठीच झाला आहे. आतली माणसे गिरण्यांमध्ये कामाला जात आणि परत कुंपणात येत. गिरण्यांना खात्रीचे मजूर मिळत, सरकारला खात्रीचा बंदोबस्त. मुंबई इलाख्यातल्या या वसाहतींचा कारभार ओ. एच. बी. स्टार्ट नावाचा आयसीएस अधिकारी बरीच वर्षे पाहत होता. हाच गृहस्थ पुढे १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या प्रश्नावर नेमलेल्या समितीचा अध्यक्ष झाला, ज्या समितीत डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पाही होते. म्हणजे माणूस कळकळीचा असावा. शाळा, उद्योग, शिस्त यांनी ही माणसे 'सुधारतील' असे वसाहती चालवणाऱ्यांना मनापासून वाटे. मला यातले सगळ्यात अवघड हेच वाटते. दुष्ट माणसावर रागावता तरी येते.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला, आणि देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. विमुक्तांच्या चळवळीत म्हणूनच सांगतात, देश स्वतंत्र झाला आणि आम्ही त्यानंतर पाच वर्षे सोळा दिवसांनी. 'गुन्हेगार'चे 'विमुक्त' झाले. पण पाठोपाठ राज्याराज्यांत 'सराईत गुन्हेगार' कायदे आले, आपल्याकडचा १९५९ चा. कागदावर हा कायदा जमातीला नव्हे, व्यक्तीला लागू होतो. प्रत्यक्षात गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी माळावरच्या पालांकडे वळते.

याचे एक उदाहरण मनातून जात नाही. २००३ साली नाशिक भागात दरोडा, खून आणि बलात्काराचा एक भयंकर गुन्हा घडला. त्यात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. खरे तर उच्च न्यायालयाने त्यातल्या तिघांना जन्मठेप दिली होती, तीही वाढवून फाशी केली. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करून सगळ्यांना निर्दोष सोडले. त्या घरातल्या वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, त्या चौघांचा तपासच झाला नाही, हे तेव्हा पुढे आले. एक आरोपी तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. हे गरीब, भटके लोक असल्यामुळे त्यांना गोवले गेले असण्याची शक्यता न्यायालयाने बोलून दाखवली आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करायलाही सांगितले. भरपाई प्रत्येकी पाच लाख रुपये. तुरुंगात गेलेली वर्षे सोळा. महिन्याला साधारण सव्वीसशे रुपये पडतात.

एका माणसाची भरपाई निदान अशी मोजता तरी येते. जमातीची कशी करायची? महाराष्ट्राने विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना मिळून ११ टक्के आरक्षण दिले, आणि ते देणारी राज्ये फार नाहीत, हे मान्य केले पाहिजे. पण देशपातळीवर सगळा गोंधळ. बंजारा कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत, इथे विमुक्त जातीत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत! केंद्राने रेणके आयोग नेमला, त्याचा अहवाल २००८ साली आला. मग इदाते आयोग, त्याचा २०१८ साली. २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी दोनशे कोटींची योजना जाहीर झाली. रेणके आयोगाच्या अंदाजाने हे लोक दहा कोटींहून जास्त आहेत. भागाकार तुम्हीच करा.

आणि यातला काही लाभ घ्यायचा तर जातीचा दाखला लागतो. विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांचे बापजादे पाल पाठीवर टाकून हिंडले त्यांनी घरपट्टीची पावती कुठून आणायची? शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, काहीच नसते. त्यांच्या आजोबांच्या नावाचा सरकारी कागद कुठे असलाच, तर तो बहुधा हजेरीच्या रजिस्टरात.